भूतानची शिरगणती



आज शेजारच्या भूतानच्या लोकसंख्येविषयी बोलायचे आहे. विषय रुक्ष वाटेल. पण ज्याने अर्धे आयुष्य पलटणीत संध्याकाळची गिनती घेतली, त्याला माणसांचा आकडा कधी रुक्ष वाटत नाही. गिनतीत एक जवान कमी भरला, की अख्खी कंपनी त्याला शोधायला निघते. भूतानची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे गिनती झाली आणि त्यानंतर माणसे कमी झाली.

आधी देशाचे माप बघू. क्षेत्रफळ ३८,३९४ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दहापट. लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेनुसार ७,२७,१४५, म्हणजे गोव्याच्या साधारण निम्मी. डोंगर, जंगल आणि बर्फ वगळले तर कसायला जमीन फार थोडी.

या देशात नेमके किती लोक राहतात, हे बराच काळ कोणालाच ठाऊक नव्हते. १९६९ च्या मोजणीत आकडा नऊ लाखांवर गेला होता. १९७१ साली भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला तेव्हा जगाला सुमारे दहा लाख हा आकडा सांगण्यात आला. पुढे १९९० च्या सुमारास सरकारनेच सांगितले, की लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास आहे. २००५ मध्ये घरोघर जाऊन रीतसर जनगणना झाली, तिच्यात ६,३४,९८२ माणसे भरली. म्हणजे मूळ आकडाच फुगलेला होता. कागदावरची ती तीन-चार लाख माणसे कधी अस्तित्वातच नव्हती.

पण त्याच काळात, कागदावरची नव्हे, तर हाडामांसाची एक लाख माणसे भूतानबाहेर गेली. ती कशी गेली, हे समजून घेऊ.

भूतानच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेपाळी भाषिक शेतकरी येऊन वसले. मलेरियाचे रान तोडून त्यांनी संत्री आणि वेलदोड्याचे मळे उभे केले. त्यांना ल्होत्शम्पा, म्हणजे दक्षिणेकडचे लोक, म्हणतात. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले. १९६१ मध्ये देशाची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या सीमा रस्ते संघटनेचा दंतक प्रकल्प तिथे उभा राहिला, आणि रस्त्यांच्या कामावर बाहेरून आणखी मजूर आले.

थिम्पूला भीती वाटू लागली ती पुढे. १९७५ मध्ये शेजारचे सिक्कीम भारतात विलीन झाले. तिथे नेपाळी भाषिकांची बहुसंख्या होती. ऐंशीच्या दशकात दार्जिलिंगमध्ये गोरखालँडचे आंदोलन पेटले. एवढ्याशा देशाच्या राज्यकर्त्यांना आपली भाषा आणि आपला धर्म बुडेल असे वाटले असेल, तर ते मला समजते. सैनिकाला भीतीची थट्टा करता येत नाही. पण भीतीपोटी जो हुकूम निघाला, त्याचा हिशेबही मांडावा लागतो.

१९८५ चा नवा नागरिकत्व कायदा आला. त्याने ३१ डिसेंबर १९५८ ही तारीख ठरवली. १९८८ मध्ये दक्षिणेत जनगणना झाली आणि लोकांचे सात वर्ग पाडले गेले. पहिल्या वर्गात अस्सल भूतानी, सातव्यात परदेशी. पुरावा म्हणून १९५८ सालची करपावती मागितली जाई. एकाच घरात नवरा एका वर्गात आणि बायको दुसऱ्याच वर्गात, असेही झाले. १९८९ मध्ये शाळांतून नेपाळी भाषा गेली, आणि सार्वजनिक ठिकाणी उत्तरेकडचा पोशाख सक्तीचा झाला. १९९० मध्ये निदर्शने पेटली. आंदोलकांकडूनही हिंसा झाली, आणि सरकारने ती कठोरपणे मोडून काढली. पुढच्या दोन-तीन वर्षांत लोकांचे लोंढे बाहेर पडले.

त्या दिवसांत मी उत्तर बंगालमध्ये होतो. सिलिगुडीहून नेपाळ सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर भांडी, अंथरुणे आणि म्हातारीकोतारी माणसे भरलेले ट्रक दिसत. मला वाटले, चहाच्या मळ्यांवरचे मजूर असतील. एकदा चहाच्या टपरीवर त्यांतलाच एक म्हातारा शेजारी बसला. गोरखा जवानांबरोबर राहून मला नेपाळी कळू लागली होती. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पावती काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. पावती १९५७ ची होती. "साहेब, एका वर्षाने चुकलो," तो म्हणाला. मी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि जीपमध्ये बसलो. त्याचे नाव विचारायचे सुचले नाही, याची खंत आजही आहे.

मित्रहो, भूतान आणि नेपाळ यांच्या सीमा कुठेच भिडत नाहीत. मध्ये आपण आहोत. ही माणसे आपल्याच रस्त्यांवरून गेली, आणि हा त्या दोन देशांचा आपसातला प्रश्न आहे, अशी भूमिका आपण घेतली. नेपाळमधल्या सात छावण्यांत लाखाहून अधिक लोक सोळा-सतरा वर्षे बांबूच्या झोपड्यांत राहिले. दोन्ही सरकारांच्या वाटाघाटींतून एकही कुटुंब घरी परतले नाही. २००७-०८ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी त्यांतल्या १,१३,००० हून अधिक लोकांना सामावून घेतले.

ही मालिका ऐकणारे कितीतरी जण बडोदा, इंदूर, हैदराबाद, तंजावर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. पणजोबांच्या काळातली, नेमक्या एका वर्षाची करपावती उद्या तुमच्याकडे मागितली, तर किती जणांच्या कपाटात ती सापडेल?

आता आजचे चित्र पाहा. १९९० च्या सुमारास भूतानमध्ये एका बाईला सरासरी पाचाहून अधिक मुले होत. लसीकरण वाढले, गावोगावी आरोग्य केंद्रे झाली, मुली शाळेत गेल्या, सरकारने छोट्या कुटुंबाचा प्रचार केला. आज हे प्रमाण दोनच्याही खाली आहे. थिम्पू शहर २००५ मध्ये ७९,१८५ चे होते, ते २०१७ मध्ये १,१४,५५१ चे झाले. पूर्वेकडची गावे मात्र ओस पडत आहेत. कुलूप लागलेल्या घराला तिथे ‘गुंगतोंग’ असा शब्दच आहे. उरलेल्या म्हाताऱ्यांची शेते माकडे आणि रानडुकरे फस्त करतात.

शिकलेली तरुण पिढी तर देशाबाहेरच चालली आहे. शिक्षक, परिचारिका, सरकारी अधिकारी नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला जात आहेत. २०२४ मध्ये भूतानचे राजे स्वतः ऑस्ट्रेलियात गेले, आणि तिथे स्टेडियममध्ये जमलेल्या आपल्या हजारो लोकांशी बोलले. त्यांना परत आणण्यासाठी गेलेफू इथे एक नवे शहर वसवण्याची घोषणा झाली आहे. गेलेफू दक्षिणेत आहे. ज्या भागातून ल्होत्शम्पा शेतकरी निघून गेले, त्याच भागात.

आज भूतानला माणसे हवी आहेत. रान तोडून मळे करणारी, मुले वाढवणारी माणसे त्याच्याकडे होती. एका तारखेसाठी त्याने ती गमावली. त्यांची नातवंडे आता अमेरिकेत नोकऱ्या करतात, घरे बांधतात. त्यांतली काही ऑस्ट्रेलियातही आहेत, थिम्पूहून आलेल्या तरुणांच्याच देशात.

मला भूतान आवडतो. तिथले लोक सौजन्यशील आहेत, आणि आपले खरे मित्र आहेत. म्हणूनच हे बोललो. पलटणीत गिनती घ्यायची ती आपला कोणी मागे राहिला नाही ना, हे बघण्यासाठी. देशाची शिरगणतीही त्याच कामाची असायला हवी.

जय हिंद.