गुलाबी लेपाचा धडा

तापणाऱ्या भागावर कोणता लेप द्यावा? जास्तीत जास्त तापमान सोसणारा, असं आपण सहज म्हणू. पण १९६७ साली अमेरिकेत काय घडलं ते पाहू. एक्स-१५ या रॉकेट-विमानाला आणखी वेग द्यायचा, तर त्याचं निकेलच्या मिश्रधातूचं आवरण पुरेसं नव्हतं. म्हणून त्यावर गुलाबी लेप चढवला. तो स्वतः जळत, झिजत जाई आणि उष्णता बरोबर नेई. ३ ऑक्टोबरला पीट नाइट यांनी ध्वनीच्या ६.७ पट वेग गाठला. विमान सुखरूप उतरलं, पण शेपटीखालच्या पंखाला भोक पडलं होतं! खाली बसवलेल्या नकली इंजिनामुळे उठलेल्या आघात-तरंगांनी उष्णता तिथेच एकवटली होती. ते विमान पुन्हा उडालं नाही. लेप निवडण्याआधी आपण विचारायला हवं: उष्णता नेमकी कुठे साठणार?