दिनविशेष : चिरनेरच्या रानातला गोळीबार

२५ सप्टेंबर १९३०. कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात उरणजवळच्या चिरनेर गावालगत, अक्कादेवीच्या डोंगरावर पंचक्रोशीतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमली. सरकारी जंगलातली झाडं तोडून कायदा मोडायचा, एवढाच बेत. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही कोसळले. गोळीला बळी पडलेल्यांत सरकारचेच मामलेदार जोशीही होते. पुढे आरोपी गावकऱ्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले.

धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे... ही हुतात्म्यांची नावं मोठ्याने वाचून पाहावीत. शाळेच्या पुस्तकात सहसा न भेटणारी, शेतात-रानात राबणाऱ्या आगरी, कोळी, कातकरी घरांतली. सरपणाची मोळी आणि गुरांचा चारा हाच त्यांचा स्वराज्याचा पहिला धडा. डोंगर कुणाचा, हा त्यांचा प्रश्न उरण-पनवेल पट्ट्यात अजून जुना झालेला नाही. आता फक्त कुऱ्हाडीच्या जागी जेसीबी आला आहे.

चिरनेरला दर वर्षी २५ सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी हुतात्म्यांचे वारस जमतात. पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. पोलिसांच्याच बंदुका, त्याच गावात.