दंतरोपणातील छिद्रणतंत्र व प्राथमिक स्थैर्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभारणे म्हणजे दंतरोपण होय. हाड व धातू यांचा जैविक सांधा जुळण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तोपर्यंत रोपण केवळ हाडाच्या यांत्रिक पकडीवर उभे असते. या पकडीस 'प्राथमिक स्थैर्य' म्हणतात. ते हाडाची घनता, रोपणाची घडण आणि छिद्र पाडण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. यांपैकी छिद्रणाविषयीचा विचार कसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक आढावा :
स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. त्यांच्या पद्धतीत छिद्र टप्प्याटप्प्याने रुंद केले जाई व ड्रिल सलाइनने थंड ठेवले जाई. हाड तापू नये, हा त्यामागील कटाक्ष होता. ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले तरी हाडास इजा होते, हे एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखविले.

१९८५ मध्ये लेखोल्म व झार्ब यांनी जबड्याच्या हाडाचे गुणवत्तेनुसार चार प्रकार पाडले. वरच्या जबड्याच्या मागील भागातील मऊ हाडात नेहमीच्या छिद्रात रोपण सैल राहते, ही अडचण होती. त्यावर छिद्र रोपणापेक्षा अरुंद ठेवण्याचा उपाय रूढ झाला. १९९४ मध्ये समर्स यांनी हाड कोरून न काढता ऑस्टिओटोमने बाजूस दाबण्याचे तंत्र मांडले. पुढे हुवाइस यांनी उलट फिरून हाड दाबणारे ड्रिल प्रचारात आणले. दरम्यान मेरेडिथ यांच्या १९९६ मधील अनुनाद-वारंवारता पद्धतीमुळे, पूर्वी हाताच्या अंदाजाने जोखले जाणारे स्थैर्य मोजता येऊ लागले.

समारोप :
गिरमिटाचे छिद्र स्क्रूपेक्षा किंचित लहान हवे, हे सुतारही जाणतो. परंतु हाड सजीव आहे. घट्ट हाडात अतिरिक्त दाब दिल्यास रक्तपुरवठा खुंटतो व आरंभीची पकडच पुढील अपयशास कारण ठरू शकते. वळसंगसारख्या गावातून रोजगार बुडवून सोलापूरला येणाऱ्या रुग्णास कमी खेपांत दात मिळणे मोलाचे असते. मात्र रोपण निकामी झाल्यास त्याच खेपा दुप्पट होतात. म्हणून हाड पाहून तंत्र निवडणे, हाच या इतिहासाचा बोध होय.