बुटाची पारख: एक कुळकथा

महाभारताच्या अनुशासनपर्वात पादत्राणाच्या जन्माची कथा आली आहे. जमदग्नी ऋषी बाण सोडीत होते आणि रेणुका धावत जाऊन ते गोळा करून आणीत होती. ज्येष्ठातल्या मध्यान्ही तिचे मस्तक व तळवे पोळून निघाल्यामुळे तिला विलंब झाला, आणि त्याचे कारण कळताच ऋषींनी क्रोधाने थेट सूर्यावरच बाण रोखला, तेव्हा शरण आलेल्या त्या भास्कराने छत्र आणि उपानह हा नजराणा त्यांच्या स्वाधीन केला. रेणुकेचे माहूर परभणीहून फार लांब नाही, आणि वैशाख-ज्येष्ठात पारा ४४ अंशांपलीकडे गेलेला ज्यांनी प्रतिवर्षी सोसला आहे, त्या परभणीकरांना या कथेचा पुरावा मागण्याचे कारण पडत नाही. जाता जाता इतकेच नमूद करतो की, जी वस्तू स्त्रीच्या पोळलेल्या पायांसाठी जन्मास आली, ती पुढे पुरुषांनी आपल्या दिमाखाची केली आणि शेतात राबणाऱ्या बाईला पिढ्यान् पिढ्या अनवाणीच ठेवले.

त्या नजराण्याची पारख जमदग्नींनी कशी केली, याविषयी मात्र पुराणकार मौन पाळतात, आणि ते यथायोग्यच आहे. कारण देणारा समोर उभा असला म्हणजे वस्तूचा मुआयना करण्याची गरज भासत नाही. पारखीची विद्या जन्मास येते ती करणारा नजरेआड गेल्यानंतर.

निजामी अमलात औरंगाबाद सुभ्यात मोडणाऱ्या परभणी जिल्ह्यातील गावगाड्यात करणारा नजरेआड नव्हता. बारा बलुतेदारांपैकी चांभाराने पाटलाचा जोडा शिवावा, मोटेची डागडुजी करावी, वाद्या आणि आसूड पुरवावेत आणि सुगीला खळ्यावर येऊन आपले बलुते मोजून घ्यावे, असा दस्तूर होता. त्यामुळे जोड्याला वेगळी अशी किंमत नव्हती, आणि तो अकाली उसवला तर करणाऱ्याचे घर साऱ्या गावाला माहीत होते. तथापि ही व्यवस्था रम्य होती, असा कोणी समज करून घेऊ नये. ज्याच्या हातांनी गावाचे पाय झाकले, त्याला स्वतःच्या पायातले पायताण वाड्यासमोर काढून हातात घ्यावे लागे, आणि कातड्याची सर्वांत सूक्ष्म जाण असणाऱ्या माणसाची सावलीही टाळणाऱ्यांना त्या जाणतेपणाचा अर्थ समजला नाही.

ती जाण म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. मेलेल्या जनावराचे कातडे ढोर समाजाकडे जाई. वीरशैव संत कक्कय्या यांना आपले मानणारा हा समाज चुन्याच्या कुंडात कातडे भिजवून त्याचे केस काढी, आतल्या बाजूचे मांस खरवडी, आणि बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात ते कमावी. पुढे त्या कातड्याच्या कडा शिवून पिशवी करीत, ती तिकाटण्याला टांगून सालीने व सालीच्या पाण्याने भरीत, आणि खाली ठिबकलेले पाणी पुन्हा वरून आत ओतीत. यात घाई झाली की कातडे बाहेरून तांबूस आणि आतून कच्चे राही. पारखी मनुष्य रापीने कडेची एक चकती उतरवून तिचा छेद पाही, आणि दोन तपकिरी थरांच्या मध्ये पांढुरकी रेघ दिसली की माल बाजूला टाकी. चुना नीट धुतला गेला नसेल, तर तेच कातडे वाळल्यावर कडक होऊन वाकवताना तडकत असे. ही परीक्षा आजही तितकीच खरी आहे. फरक इतकाच की बुटाचा छेद घेऊ देणारा दुकानदार मिळत नाही.

कातड्याच्या पृष्ठभागावर जनावराचे सारे चरित्र लिहिलेले असते. मानेवर जुवाचे घट्टे, पोटाखाली गोचिडांच्या चाव्यांचे खड्डे, कोठे दुखण्यावर उपाय म्हणून दिलेले डाग, आणि पुठ्ठ्यावर पराणीच्या टोचण्यांचे बारीक व्रण. यांतला शेवटचा दोष मला विशेष खेदकारक वाटतो. जनावराच्या अंगावरचे सर्वांत घट्ट, सर्वांत एकसारखे आणि बुटाला सर्वांत योग्य असे कातडे पाठीचे व पुठ्ठ्याचे असते, पोटाचे सैल आणि मानेचे सुरकुतलेले असते. आणि नांगराला जुंपलेल्या लाल कंधारी किंवा देवणी बैलाला आपला शेतकरी टोचतो तो नेमका पुठ्ठ्यावर. परदेशी व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानी कातड्याचे भाव पाडताना जे दोष पुढे केले, त्यांत डाग आणि पराणीचे व्रण हे ठळक होते. गुळगुळीत, निर्दोष, आरशासारख्या चकाकणाऱ्या बुटाकडे म्हणूनच संशयाने पाहावे, असे माझे मत आहे. त्याचा वरचा थर बहुधा घासून काढलेला असतो आणि त्यावर रंगाचा लेप चढवून खोटे रंध्र उमटवलेले असते. अंगठ्याने दाबून पाहावे. खऱ्या थरावर केसासारख्या बारीक सुरकुत्या उमटून विरतात, लेपावर जाड घड्या पडतात.

हे झाले कातड्याचे. खुद्द बुटाने मात्र या जिल्ह्यात पाऊल टाकले ते लष्कराच्या मागोमाग. आज स्वतंत्र जिल्हा असलेली हिंगोली १९९९ पर्यंत परभणीतच होती, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीने चालणाऱ्या फौजेची छावणी होती. रिसाला बाजार हे तेथील मोहल्ल्याचे नाव त्या स्वारांची आठवण अद्याप सांगते. फौजेला ठरीव मापांचे, एकाच घडणीचे, हजारोंच्या संख्येने बूट हवे असतात, आणि ते गावच्या चांभाराच्या आवाक्यातले काम नव्हते. कानपूरला १८६० नंतरच्या दशकात सरकारी हार्नेस व सॅडलरी कारखाना निघाला, १८८० च्या सुमारास कूपर ॲलन कंपनी उभी राहिली, आणि इकडे मुंबईस आदमजी पीरभाई यांच्या धारावीच्या कारखान्यातून लष्कराला माल जाऊ लागला. तळाला खिळे आणि टाचेला नाल ठोकलेला तो जड बूट म्हणजे आपल्याकडील सर्व पुरुषी बुटांचा आजोबा.

येथेच पारखीच्या कुळात पहिली मोठी उलथापालथ झाली. इंग्रजी लष्करी खात्याची पद्धत अशी की, पसंत केलेल्या बुटाचा एक जोड लाखेची मोहोर लावून दप्तरी ठेवावयाचा, आणि मक्तेदाराने आणलेला माल त्या मोहोरबंद नमुन्याशी ताडून मंजूर किंवा रद्द करावयाचा. टाके किती दाट, तळ किती जाड, खिळे किती, याचा निवाडा आता करणाऱ्याच्या अब्रूवर नसून नमुन्यावर आणि तपासनिसाच्या शेऱ्यावर अवलंबून राहिला. ही पद्धत रुक्ष खरी, पण न्याय्य होती. अनोळखी माणसाने केलेली वस्तू अनोळखी माणसाने निर्धास्तपणे पायात घालावी, हे तिच्यामुळे शक्य झाले.

१९०३ साली कंटिंजंट मोडून हिंदुस्थानी सैन्यात सामील करण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. तत्पूर्वीच, १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे परभणीवरून धावू लागली होती. तिच्यामुळे कच्चे कातडे बाहेर जाणे आणि तयार बूट आत येणे, दोन्ही सुलभ झाले. तिकडे साता समुद्रांपलीकडे दोन शोधांनी या धंद्याचे रूप पालटले होते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले, आणि सालीच्या पाण्याला जेथे आठवडे व महिने लागत तेथे काम तासांवर आले. मद्रासेत आल्फ्रेड चॅटरटन यांनी १९०३ मध्ये हीच रीत आणली. त्यापूर्वी १८७० नंतरच्या दशकात, रबरवाल्या चार्ल्स गुडइयरच्या त्याच नावाच्या मुलाने कातड्याच्या चिंचोळ्या पट्टीच्या आधाराने वरचे कातडे व तळ शिवणारे यंत्र प्रचारात आणले. या घडणीत तळाचा टाका त्या पट्टीतून जातो, वरच्या कातड्याला स्पर्श करीत नाही. म्हणून तळ झिजला की उसवून नवा बसवता येतो, आणि एक चांगला बूट तीन-चार तळ जिरवूनही उभा राहतो. बुटाचे मोल ठरवण्यास याहून पक्की कसोटी मला ठाऊक नाही: तळ बदलता येतो की नाही?

दुसरी उलथापालथ छापील किमतीने केली. बाटानगरची वसाहत १९३० नंतरच्या दशकात हुगळीकाठी उभी राहिली, पुढे तालुक्याच्या गावापर्यंत दुकाने गेली, आणि रुपयाला एखादा पैसा कमी अशा ठरीव दराने घासाघीस संपवली. गिऱ्हाईक सुखावले, पण घासाघीस ही नुसती हुज्जत नव्हती, तीत वस्तू उलटीपालटी करून दोष काढण्याचे शिक्षण होते, आणि ते शिक्षण तिच्याबरोबर संपले. आता डब्यावरील आकडाच दर्जाचा दाखला झाला आहे. तळाच्या कडेने सुबक टाके दिसतात, पण ते साच्यातून उमटवलेले असतात आणि सारा भार चिकटवणाऱ्या सोलुशनवर असतो. टाचेचा ताठपणा कातड्याचा नसून कागदी पुठ्ठ्याचा असतो. परभणीची काळी माती या लबाडीची निष्ठुर परीक्षक आहे. मृगाच्या दोन पावसांनंतर शेताच्या बांधावर पाऊल टाकावे, तर ती चिकण माती तळाला शेर-दोन शेर बिलगते आणि प्रत्येक पावलागणिक तळ खाली ओढते. पुठ्ठा भिजून लगदा होतो, उन्हाळ्यात तापून सैल झालेले सोलुशन सुटते, आणि बूट जबडा उघडतो.

उघडलेले बूट जेथे जातात, तेथेच आज खरी पारख शिल्लक आहे. स्टेशन रोडसारख्या रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या, सरकारी कागदात गटई कामगार म्हणून नोंदलेल्या माणसाच्या हातात बूट दिला असता तो प्रथम वरची चमक पाहतच नाही. टाच चिमटीत धरून दाबतो, आतला तळ नखाने उचकटतो, कडेला आरीचे टोक लावून पाहतो, आणि निकाल देतो: ‘पेस्टिंग आहे, शिलाई मारून घ्या’, किंवा अधिक निर्दयपणे, ‘यात शिलाई धरायला काही नाही.’ विक्रेता वस्तू नवी असताना पाहतो, हा ती फाटल्यावर पाहतो. कोणत्या कंपनीच्या टाचेत पुठ्ठा असतो, कोणाचा तळ कोठे चिरतो, कोणते कातडे पाचव्या पावसाळ्यातही टाका धरते, याची साद्यंत माहिती त्याच्यापाशी आहे. ती कोणी विचारीत नाही, कारण सल्ला दुकानात घ्यावा आणि दुरुस्ती फुटपाथवर, अशी आपली वाटणी झाली आहे. १९७४ साली राज्य शासनाने चर्मोद्योगासाठी, आज संत रोहिदासांच्या नावाने चालणारे, महामंडळ काढले, टपऱ्यांची योजनाही आली, हे चांगलेच झाले. पण या माणसाच्या जाणतेपणाला आपण अजून मजुरीचाच दर देतो.

२०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीसही बंदी असल्याने खुद्द राज्यात मिळणारे कातडे बहुतांशी म्हशी-रेड्यांचे व शेळ्या-मेंढ्यांचे असते, आणि चांगल्या कातडी बुटाची किंमत यापुढे उतरेल असे दिसत नाही. तेव्हा येत्या दिवाळीला बूट घेण्याचा विचार असलेल्या वाचकांना माझी विनंती अशी आहे की, दुकानाची पायरी चढण्याआधी आपला जुना बूट घेऊन त्या टपरीपाशी पाच मिनिटे बसा, तो का फाटला हे विचारा, आणि सांगितल्याबद्दल शिलाईच्या पैशांवर काही जास्त द्या.