दुखणे आणि घरखर्च : दीड शतकाचा मागोवा

इतिहास लिहावयाचा तो लढायांचा, राज्यांचा आणि थोर पुरुषांचा, अशी आपली समजूत असते. घराच्या उंबऱ्याच्या आत जे घडते त्याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. नवरा अंथरुणाला खिळला असता बायकोने महिन्याचा खर्च कसा भागवला, किंवा पत्नीच्या दीर्घ दुखण्यात पतीने नोकरी, औषधपाणी आणि मुलांच्या शाळा यांचा मेळ कसा घातला, याची बखर कोठेच सापडत नाही. तथापि ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला कधी ना कधी येते. घरापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तिची धास्ती अधिकच वाटते. गावी असताना चुलत्याचे घर असते, मामा असतो, वाण्याकडे वडिलांच्या नावाचे खाते असते. परप्रांतात या आधारांपैकी हाताशी असतात ते पगार, चार शेजारी आणि मंडळातील स्नेही. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात, आजारपणाचा भार संसाराने आजवर कसा पेलला आणि त्यासाठी कोणते आधार उभे राहिले, याचा थोडक्यात मागोवा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. स्त्रीधनावर हक्क स्त्रीचा, असे सांगत असतानाच याज्ञवल्क्यस्मृतीने काही अपवाद केले. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि धनकोने केलेली अडवणूक, या प्रसंगी पतीने पत्नीचे धन घेतले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे तेथे म्हटले आहे. या यादीत व्याधीचा स्पष्ट उल्लेख आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याचा अर्थ असा, की दुखण्याच्या वेळी घराची अखेरची गंगाजळी म्हणजे गृहिणीच्या अंगावरचे दागिने, हे शास्त्रानेही गृहीत धरले होते. पाटल्या आणि गोठ सोनाराकडे किंवा सावकाराकडे गहाण पडत. पुष्कळदा ते सुटतच नसत. नवरा बरा झाला तर दागिने पुन्हा करता येतील, ही आशा असे. तो न उठला, तर कुंकू आणि सोने दोन्ही एकदमच जात. ही व्यवस्था मोठी निर्दय होती, कारण ज्या क्षणी स्त्रीला आधाराची सर्वांत अधिक गरज पडणार, त्याच्या आधीच तिचा आधार संपून गेलेला असे.

या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहण्यासारखे आहे. जोतीरावांच्या विचारांवर आणि कार्यावर विपुल लेखन झाले आहे. पण त्या घराचा जमाखर्च कसा चालला असेल, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. जोतीराव सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती. म्हणजे ते निर्धन नव्हते. परंतु मिळविलेला पैसा शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह आणि सत्यशोधक समाजाचे कार्य यांत खर्ची पडत गेला. १८८७ च्या जुलै महिन्यात त्यांनी आपले मृत्युपत्र केले आणि सावित्रीबाई व दत्तक पुत्र यशवंत यांच्यासाठी मिळकतीची व्यवस्था लावून ठेवली. पुढील वर्षी, १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्यात आली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

झटक्यापासून २८ नोव्हेंबर १८९० रोजी झालेल्या निधनापर्यंतचा काळ सव्वादोन वर्षांहून अधिक भरतो. कंत्राटदाराचा धंदा हा जातीने उभे राहून करावयाचा. मालकच अंथरुणाला खिळल्यावर त्याचे उत्पन्न कोठून येणार? यशवंत अद्याप शिकत होता. डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखा निष्णात आणि स्नेही वैद्य लाभला, म्हणून औषधोपचार झाले. पण शुश्रूषा आणि घर सांभाळणे हे सावित्रीबाईंच्याच शिरावर आले. या कुटुंबाची ओढाताण पाहून मामा परमानंदांनी १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहिले आणि साहाय्याची विनंती केली. त्या पत्रात त्यांनी सावित्रीबाईंच्या योग्यतेचाही मुक्तकंठाने गौरव केला.

या प्रसंगातून दोन गोष्टी मनावर ठसतात. पहिली ही, की मृत्युपत्र आजारापूर्वी एक वर्ष झाले होते. उजवा हात चालत होता, बुद्धी शांत होती आणि घाई नव्हती, अशा वेळी ते झाले. दुसरी ही, की साहाय्याची याचना त्या पतिपत्नींना स्वतः करावी लागली नाही. ती एका मित्राने केली. स्वाभिमानी कुटुंब दारिद्र्य सोसते, पण तोंड उघडत नाही. ते उघडण्याचे काम स्नेह्यांनी करावयाचे असते. मामा परमानंदांच्या त्या पत्राचे मोल केवळ पैशांत होणार नाही.

याच सुमारास देशात वेगळ्या प्रकारचे आधार हळूहळू उभे राहू लागले होते. १८७४ मध्ये मुंबईत ओरिएंटल ही विमा कंपनी निघाली. त्याच वर्षी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. नवऱ्याने पत्नी किंवा मुले यांच्या हितासाठी म्हणून उतरवलेला आयुर्विमा हा त्यांच्यासाठी ठेवलेला विश्वस्त निधी समजावा, आणि तो नवऱ्याच्या धनकोंच्या हाती लागू नये, असे त्यातील सहावे कलम सांगते. मात्र हिंदू कुटुंबांना ते लागू पडते की नाही, हा वाद कित्येक वर्षे चालला. अखेर १९२३ च्या दुरुस्तीने हे संरक्षण त्या वर्षाच्या १ एप्रिलपासूनच्या विमापत्रांना निःसंदिग्धपणे मिळाले. मद्रास इलाख्यात ही मर्यादा त्याहून सुमारे नऊ वर्षे मागची धरली गेली. याज्ञवल्क्याच्या वचनाशेजारी हे कलम ठेवून पाहावे, म्हणजे मधल्या काळात विचार किती पालटला ते कळेल. पूर्वी व्याधी आली की पत्नीचे धन पतीकडे जाई. आता पतीचे ऋण कितीही असो, पत्नीसाठी बाजूला काढलेला पैसा तिच्यासाठीच राखला जाऊ लागला. १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली, आणि १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांना पाया मिळाला. बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरणाऱ्या कारकुनाला पोस्टाचे पुस्तक हा मोठाच आधार झाला.

परंतु दीर्घ आजाराच्या अर्थकारणाची खरी कसोटी पाहिली ती क्षयाने. हा रोग ऐन उमेदीतील माणसाला गाठी, आणि वर्षानुवर्षे रेंगाळे. औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार मानला जाई. त्यासाठी भोवाली (१९१२), मदनपल्ली (१९१५), तांबरम (१९२८) अशा ठिकाणी आरोग्यधामे निघाली. जवाहरलाल नेहरूंच्या पत्नी कमला यांनाही भोवालीस ठेवावे लागले. तेव्हा पती जवळच अल्मोड्याच्या तुरुंगात होते. पुढे युरोपात उपचार करूनही २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. जेथे साधनांची अनुकूलता होती तेथे ही स्थिती, मग ज्याच्या पगारावर सहा माणसे जेवतात त्याचे काय? तो आरोग्यधामात गेला तर इकडची चूल विझते. गृहिणी गेली तर तान्ह्या मुलांना कोण पाहणार? आणि कोणीच गेले नाही, तर रोग घरभर पसरेल ही भीती.

या कोंडीतून वाट दाखवली ती मद्रासने. स्ट्रेप्टोमायसिन, पी.ए.एस. आणि १९५२ मध्ये उपयोगात आलेले आयसोनियाझिड ही औषधे हाती आली होती. ती घरी राहून घेतली तर गुण येईल काय, हे पाहण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५६ मध्ये एक प्रयोग आरंभिला. डॉ. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातील गरीब वस्तीतील १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला वर्षभर तांबरमच्या आरोग्यधामात ठेवले, आणि दुसऱ्याला घरीच तीच औषधे दिली. घरच्या रुग्णांना विश्रांती कमी मिळाली, आहार निकस होता आणि जागा दाटीची होती. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसून आले, की वर्षाअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरचे शेकडा ८६ रुग्ण रोगजंतूंपासून मुक्त झाले होते. घरातील इतर माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरच्या उपचाराने वाढले नव्हते.

वैद्यकशास्त्रात या प्रयोगाची कीर्ती जगभर झाली. पण संसाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी निराळे आहे. आजारी माणूस घरीच राहू शकतो, नवराबायकोची ताटातूट करावी लागत नाही, मुले आईपासून दुरावत नाहीत, आणि थोडी ताकद येताच माणूस कामावर परतू शकतो, हे त्याने सिद्ध केले. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची दिशाही त्यावरूनच ठरली.

औषधाचा प्रश्न असा सुटत असताना बुडालेल्या पगाराचा प्रश्न कानपूरला हाती घेतला गेला. १९४८ च्या कायद्यान्वये कर्मचारी राज्य विमा योजनेचा आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे झाला. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी द्यावयाची, आणि आजारात कामगाराला औषधोपचाराबरोबर रोख रक्कमही मिळावयाची, ही कल्पना आपल्याकडे नवीन होती. आजारपण हे दैव मानले जाई, ते आता हक्काच्या कक्षेत आले. कालांतराने या योजनेत साध्या आजारासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम देण्याची तरतूद झाली. १९५२ च्याच कायद्याने भविष्य निर्वाह निधी आला. क्षय, महारोग, पक्षाघात, कर्करोग आणि हृदयविकार अशा दुखण्यांत त्यातून पैसे काढण्याची मुभा त्याच्या नियमांनी दिली. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी आरोग्य योजना निघाली, १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आले, आणि २०१८ मध्ये गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार देणारी आयुष्मान भारत योजना सुरू झाली. त्याच वर्षी क्षयरुग्णांच्या आहारासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ झाला. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये करण्यात आली.

स्त्रीधनाचे वर्तुळही या काळात पुरे झाले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. स्त्रीधनावर मालकी पत्नीचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठामपणे सांगितले. पतीने अडचणीच्या काळात ते वापरले तरी ते किंवा त्याची किंमत परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. परत न करण्याची स्मृतींनी दिलेली सवलत अशा रीतीने मागे पडली.

एवढे आधार उभे राहिले तरी प्रश्न संपला, असे मात्र समजू नये. विमा रुग्णालयाचे बिल भागवतो. रुग्णाजवळ बसण्यासाठी जोडीदाराला घ्यावी लागणारी बिनपगारी रजा, वारंवारचे गाडीभाडे, पथ्याचे दूध आणि फळे, हे सारे महिन्याच्या खर्चातूनच निघते. मोठ्या आकड्यापेक्षा हा बारीक आणि अखंड खर्च संसाराला अधिक पोखरतो. म्हणून दुखण्याचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा, म्हणजे नक्की काय गळते आहे ते दिसते. सावकारी व्याजाला हात घालण्यापूर्वी निधी, पतपेढी आणि विमापत्रावरील कर्ज हे मार्ग तपासावेत. मुख्य म्हणजे कागदपत्रे कोठे आहेत, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हप्ता कधी भरावयाचा आहे, हे पती आणि पत्नी दोघांनाही ठाऊक असावे. हे बोलणे अशुभ मानून अनेक घरांत टाळले जाते, आणि अखेरीस जिला काहीच सांगितलेले नसते, तिलाच सर्व निस्तरावे लागते. जोतीरावांनी हात चालत असतानाच मृत्युपत्र केले, ते एवढ्याचसाठी आठवावयाचे.

आणि शेवटी मामा परमानंद. कायदे आणि योजना यांचे अर्ज भरावे लागतात, रांगेत उभे राहावे लागते, आणि परप्रांतात ते परक्या भाषेत करावे लागते. घरात आजारी माणूस असताना तेवढे त्राण उरतेच असे नाही. गणेशोत्सव, संक्रांतीचे हळदीकुंकू, नाटके आणि ग्रंथालय यांसाठी मराठी मंडळे निघाली हे खरे. पण एखाद्या घरी दुखणे आले असता न सांगता डबा नेऊन देणारे, रात्री रुग्णालयात बसणारे आणि विम्याचा अर्ज भरून देणारे चार हात ज्या मंडळात आहेत, त्याचाच सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे म्हणावयास हरकत नाही.