नागपूर रस्त्याचे एक ऋण

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत पूर्वजांचे स्मरण ओघानेच येते. मंडळाची स्थापना करणारे, गणेशोत्सवासाठी दारोदार वर्गणी मागणारे, ग्रंथालयासाठी स्वतःच्या घरातील पुस्तके देणारे, या सर्वांना वंदन करणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु रक्ताच्या नात्याने जोडलेले तेवढेच पूर्वज काय, असा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. सिव्हिल लाइन्समधील आमच्या निवासस्थानाहून नागपूरकडे निघताना तो दर खेपेस नव्याने उभा राहतो. याचे कारण त्या रस्त्यावर घडलेला एक मृत्यू होय.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी याच रस्त्याने येथे आली. 1956 पर्यंत नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि त्याच्यामागून कित्येक मराठी कुटुंबे आपली बिऱ्हाडे घेऊन नर्मदा ओलांडून आली. त्यापूर्वीचा ओघ मात्र उलट दिशेचा होता. सरकारी काम असो वा विधिमंडळाची बैठक, जबलपूरकरांना नागपूरच गाठावे लागे. आगगाडीने जावे तर एक इटारसीचा वळसा, नाहीतर गोंदियाच्या वाटेवरील अरुंद रुळांची मंदगती गाडी. सिवनीवरून जाणारा रस्ता तेवढा सरळ. म्हणूनच मोटार आली तेव्हा या दोन शहरांमधील अंतर तिने जितके कमी केले, तितके आगगाडीलाही कधी करता आले नव्हते.

मोटारीने सोय आणली, तसे एक नवे भयही आणले. इंग्लंडात 17 ऑगस्ट 1896 रोजी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली, ती त्या देशातील अशी पहिली पादचारी मानली जाते. आपल्याकडे 1914 मध्ये मोटारींसंबंधी अखिल भारतीय कायदा झाला. पुढे 1939 चा अधिक सविस्तर कायदा आला, आणि त्यातील सक्तीच्या विम्याची तरतूद 1 जुलै 1946 पासून अमलात आली. म्हणजे अपघात हा मोटारीबरोबर येणारच, हे राज्यकर्त्यांनीही गृहीत धरले होते. बसणाऱ्याला जखडून ठेवणारा तीन टोकांचा पट्टा मात्र 1959 मध्ये स्वीडनमध्ये निघाला. तोवर मोटारीत बसणाऱ्याचे रक्षण बहुतांशी नशिबावरच अवलंबून होते.

अशा त्या काळात, 15 फेब्रुवारी 1948 रोजी, वसंत पंचमीच्या दिवशी, नागपूरहून जबलपुरास परतणारी एक मोटार सिवनीजवळ झाडावर आदळली, आणि सुभद्राकुमारी चौहान यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. रस्त्यावर आडवी आलेली कोंबडीची पिल्ले वाचवा, असे त्या कळवळून म्हणाल्या आणि ती वाचविण्याच्या प्रयत्नात मोटारीचा तोल गेला, अशी हकीकत सांगितली जाते. केवळ तीन दिवसांपूर्वी याच शहरात, तिलवारा घाटावर, गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले होते. नागपूरचा रस्ता तेथेच नर्मदा ओलांडतो. जाताना ओलांडलेली ती नर्मदा सुभद्राबाईंना परत येताना जिवंतपणी ओलांडता आली नाही.

त्यांचा जन्म 16 ऑगस्ट 1904 चा, अलाहाबाद जिल्ह्यातील निहालपूर गावचा. 1919 साली ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी विवाह झाला आणि त्या जबलपुरास आल्या. लवकरच पतिपत्नी दोघांनीही असहकाराच्या चळवळीत उडी घेतली. 1923 साली येथील नगरभवनावर तिरंगा फडकला. त्याच ठिणगीतून पुढे नागपूरचा झेंडा सत्याग्रह पेटला, आणि त्यात सुभद्राबाईंनी नागपुरात कारावास पत्करला. 1942 मध्ये त्या पुन्हा तुरुंगात गेल्या. मध्यप्रांताच्या विधिमंडळाच्या त्या सदस्या होत्या. संसार, मुलेबाळे आणि सभा सांभाळत त्यांनी लिहिले. ‘मुकुल’ हा काव्यसंग्रह आणि ‘बिखरे मोती’ हा कथासंग्रह, दोहोंना सेक्सरिया पारितोषिक लाभले.

आता कोणी म्हणेल, ही तर हिंदीची कवयित्री. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तिचे काय प्रयोजन? याच प्रश्नाने आम्हांस एकदा चांगलेच खाली पाहावयास लावले होते. शाळेत असताना वक्तृत्वस्पर्धेत आम्ही राणी लक्ष्मीबाईंवर बोललो. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका ती, म्हणजे राणी आमची, मराठ्यांची, हे आम्ही मोठ्या तोऱ्यात तीनदा तरी सांगितले असेल. भाषण संपल्यावर आमच्या हिंदीच्या गुरुजींनी शांतपणे विचारले, “बेटा, राणी तुम्हारी सही। लेकिन भाषण का आरंभ तुमने किसकी कविता से किया?” आमचा चेहरा उतरला. आरंभ केला होता तो ‘झाँसी की रानी’ याच कवितेने! घरी मराठी बोलणाऱ्या आम्हांस राणी प्रथम भेटली ती सुभद्राबाईंच्या हिंदीतून, हे तोवर आमच्या ध्यानातही आले नव्हते.

मराठीत साधने नव्हती असे मुळीच नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 1894 मध्येच राणीचे चरित्र प्रसिद्ध केले होते. झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापून आणला. इतिहास आपण जतन केला, हे खरे. परंतु चरित्र कपाटात राहते आणि कविता पोरांच्या ओठी राहते. बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडची कथा आपण ऐकली आणि तीच सांगत आहोत, असे सुभद्राबाईंनी त्या कवितेतच नम्रपणे नमूद केले आहे. ज्या राणीशी त्यांचे भाषेचे वा कुळाचे नाते नव्हते, तिला त्यांनी उत्तर हिंदुस्थानातील घराघरांत नेऊन बसविले. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःच्या इतिहासाचा अभिमान वाटावा, ही तळमळ आपण सारेच बाळगतो. त्या कामी आपल्या आधी एक शेजारीण राबून गेली.

नगरनिगमाच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. 1949 साली त्याचे अनावरण त्यांच्या शाळेतील मैत्रीण महादेवी वर्मा यांच्या हस्ते झाले. 1976 मध्ये टपाल तिकीट निघाले, आणि 2006 मध्ये तटरक्षक दलाच्या एका जहाजास त्यांचे नाव मिळाले. त्या पुतळ्यावरून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. थांबलो मात्र फार थोड्या वेळा, हे कबूल केले पाहिजे.

आज तो रस्ता पार बदलला आहे. सिवनीच्या पुढे पेंचच्या अरण्यात रुंद महामार्ग उंच खांबांवर नेला असून वन्य प्राण्यांना त्याखालून निर्वेध वाट ठेवलेली आहे. वरून मोटारी वेगाने धावतात आणि खालून हरणे, क्वचित वाघही, आपल्या वाटेने जातात. तेथून जाताना आम्हांस दर वेळी ती कोंबडीची पिल्ले आठवतात. वाटेवरच्या मुक्या जिवाचा विचार आपण शहाण्या अभियंत्यांकरवी सत्तर वर्षांनंतर केला. सुभद्राबाईंनी तो एका क्षणात केला होता.

नागपूरला लग्नकार्यासाठी अथवा दिवाळीसाठी आपण त्या वाटेने जातच असतो. सिवनी आली की मुलांना क्षणभर गप्प करावे आणि हे नाव सांगावे. मग त्यांनी ती कविता म्हटली तर म्हणू द्यावी, हिंदीतच. राणी आपली आहेच. जिने ती आपल्या मुलांच्या ओठांवर ठेवली, तिलाही आपल्या पूर्वजांच्या पंक्तीत पाट मांडावा, एवढीच आमची या सुवर्णमहोत्सवी वर्षी सर्व सभासदांस विनंती आहे.