पंख्याची घरघर आणि पाणचक्कीची साक्ष



छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्याचा पारा 40 अंशांच्या वर चढला की घरोघरी एक नवी तक्रार ऐकू येते. विद्यार्थ्याच्या मेजावरील लॅपटॉप तापतो, त्यातील पंखा घरघरू लागतो आणि ‘यंत्र गेले, नवे घ्यावे’ असा निवाडा घाईघाईने दिला जातो. नवे यंत्र घेणे कित्येक घरांना परवडणारे नसते. म्हणून या निवाड्यापूर्वी इतिहासाची साक्ष काढावी, एवढीच आज विनंती आहे.

पहिली साक्ष आपल्या गावचीच. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. कित्येक मैलांवरून जमिनीखालच्या नळांतून आणलेले पाणी तेथे उंच भिंतीवर चढून हौदात कोसळे. त्याच पाण्याच्या बळावर पात्यांचे चाक फिरे, आणि फकीर व वाटसरू यांच्यासाठी पीठ दळले जाई. विशेष असा की, त्या विस्तीर्ण हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वरच्या पाण्यामुळे खाली भर उन्हाळ्यातही थंडावा असतो. म्हणजे उष्णता वाहून नेण्याचे काम पाण्यावर सोपवावे, ही युक्ती या नगरास नवी नाही. आणि अशा नहरीत गाळ साचला किंवा झाडाची मुळे शिरली, तर चाक मंदावणारच. तेव्हा शहाणा माणूस चाकाला दोष देत नाही; तो आधी पाण्याची वाट तपासतो.

दुसरी साक्ष पंख्याच्या कुळाची. मध्यभागाने हवा ओढून ती कडेने बाहेर फेकणारा पंखा जुना आहे. अॅग्रिकोला या जर्मन पंडिताच्या 1556 साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येच्या ग्रंथात खाणींत हवा खेळविणारे असे पंखे चित्रांसह वर्णिले आहेत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील साहेबांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ नावाची लाकडी पेटी असे. तिच्या बाजूंना वाळ्याचे ओले पडदे लावीत, आतला पंखा नोकर हाताने फिरवीत, आणि गार वारा खोलीत येई. लॅपटॉपमधील तळहाताएवढा पंखा याच घराण्यातला होय.

तिसरी साक्ष उष्णतावाहक नळीची. गॉगलर या अमेरिकन संशोधकास 1944 साली तिचे पेटंट मिळाले, आणि 1963 साली लॉस अॅलॅमॉस येथे ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा सिद्ध केली. तांब्याच्या बंद नळीत थोडेसे पाणी असते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाशी ती निवते, आणि पाणी नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. लॅपटॉपात हे दुसरे टोक धातूच्या पातळ पट्ट्यांत बसविलेले असते. पंख्याचा वारा त्या पट्ट्यांमधून उष्णता बाहेर नेतो.

आता रोगाचे मूळ ध्यानात येईल. धूळ आणि कपड्यांचे तंतू पंखा व पट्ट्या यांच्यामध्ये साचून नमद्यासारखा थर होतो. वारा अडतो, यंत्र तापते, म्हणून पंखा अधिक वेगाने फिरतो. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती सुमारे आठपट लागते, आणि आवाजही फार वाढतो. एवढ्यानेही भागले नाही तर यंत्र आपणहून आपली गती उतरविते.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा. आवाज एकसारखा सोसाट्याचा असेल, तर वाट कोंडली आहे किंवा एखादा कार्यक्रम यंत्रास राबवीत आहे. यंत्र गादीवरून उचलून मेजावर ठेवावे आणि कोणता कार्यक्रम भार घालतो तो पाहावा. टकटक किंवा खरखर असेल, तर पात्याला काही अडकले आहे अथवा पंख्याचा आस झिजला आहे. झिजलेला पंखा तेवढाच बदलता येतो. यंत्र तापूनही पंखा गप्प असेल, तर तोच बंद पडला असावा. झरोके साफ करताना यंत्र बंद करून विजेची तार काढावी, आणि हवा फुंकताना पाते काडीने स्थिर धरावे. भरधाव फिरल्यास त्याचा आस बिघडतो. एवढे करूनही ताप उतरला नाही, तर उष्णतावाहक लेप वाळला असण्याचा संभव आहे; तो जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, तर यंत्र तत्काळ बंद करून त्याच्याकडेच न्यावे.

पंखा ओरडतो तो बहुधा स्वतःच्या दुखण्याने नव्हे, तर वाट मोकळी करा एवढे सांगण्यासाठी. नहरीतील गाळ काढण्याचा खर्च नवी चक्की बांधण्याहून नेहमीच कमी असतो, हा या नगराचा जुना हिशेब आपणही विसरू नये.